सशाचे सीरम, जिवाणूचे नाव

कोपनहेगनची स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूट 1902 साली सुरू झाली, ती घटसर्पावरचे प्रतिविष सरकारी देखरेखीखाली बनवण्यासाठी. जिवाणूंचे प्रकार ओळखणारी सीरम हे तिथले नंतरचे काम. माझ्या मते संस्थेचे जगावरचे मोठे ऋण याच कामाचे आहे.

त्याला आकार दिला फ्रिट्झ कॉफमन यांनी. ज्यू असल्यामुळे 1933 मध्ये त्यांना बर्लिनची रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूट सोडावी लागली आणि डेन्मार्कने त्यांना जागा दिली. ब्रिटनचे ब्रूस व्हाइट यांच्या कामाला जोडून त्यांनी साल्मोनेला या जिवाणूचे वर्गीकरण उभे केले: पेशीच्या पृष्ठभागावरचे ‘ओ’ प्रतिजन आणि कशाभिकांवरचे ‘एच’ प्रतिजन पाहून प्रत्येक प्रकाराचे सूत्र मांडायचे.

सूत्र मांडायला सीरम हवे. मारलेले जिवाणू सशाला टप्प्याटप्प्याने टोचतात आणि प्रतिपिंडे पुरेशी तयार झाली की रक्तातून सीरम वेगळे करतात. पण हे कच्चे सीरम फसवे असते. एका जिवाणूवर अनेक प्रतिजन असतात, त्यांतले काही जवळच्या प्रकारांवरही असतात, म्हणून ते भलत्यालाच ओळख देते. यावर उपाय शोषणाचा. त्या जवळच्या प्रकारांचे दाट मिश्रण सीरममध्ये कालवायचे, सामाईक प्रतिपिंडे त्यांना चिकटू द्यायची आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ टाकून द्यायचा. उरते ते एकाच प्रतिजनाला पकडणारे सीरम. शोषण कमी झाले तर ओळख चुकते, जास्त झाले तर सीरमची ताकद जाते. म्हणून प्रत्येक घाणा ओळखीच्या जिवाणूंवर पारखूनच बाहेर पाठवायचा. ही शिस्त पाळली तरच सीरम आणि जिवाणू मिसळल्यावर काचपट्टीवर दिसणाऱ्या गुठळ्यांचा अर्थ कोपनहेगनमध्ये आणि मुंबईत एकच निघतो.

आंतरराष्ट्रीय साल्मोनेला केंद्र आधी याच संस्थेत होते, पुढे ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटकडे गेले. वर्गीकरणाच्या 1934 च्या तक्त्यात साल्मोनेलाचे 44 प्रकार होते, आज ते 2,500 हून अधिक आहेत. अनेकांना गावांची नावे आहेत. त्यांत आपले पुणेही आहे: साल्मोनेला पूना. 2015 मध्ये मेक्सिकोहून आलेल्या काकड्यांमुळे अमेरिकेत 907 जण आजारी पडले, तो हाच प्रकार.

ई. कोलाय या जिवाणूची वर्गवारीही कॉफमन यांनीच 1940 च्या दशकात लावली. फ्रिट्स आणि इडा ओर्स्कोव्ह या दांपत्याने ती वाढवली. न्यूमोकोकसच्या नव्वदहून अधिक प्रकारांसाठीही इथली सीरम जगभर वापरात आली. लशीत कोणते प्रकार घ्यायचे, हे ठरवताना प्रकारांच्या अशाच नोंदी लागतात.

2016 मध्ये संस्थेचा निदान-साहित्याचा विभाग खासगी मालकीकडे गेला. आता बऱ्याच प्रयोगशाळा जनुकक्रम वाचून प्रकार ठरवतात. अहवालात मात्र ‘ओ’ आणि ‘एच’ची तीच सूत्रे लिहितात.