रंग वजा जाता

छायाचित्राची मांडणी शिकायची असेल तर काही दिवस कृष्णधवल फोटो काढा, हा सल्ला जुना आहे. सांगणारे त्याचं कारण मात्र बहुधा भलतंच देतात. कृष्णधवल फोटो जात्याच कलात्मक असतो हा भ्रम आहे. खरं कारण त्याहून रोकडं आहे. चौकटीतल्या दोन वस्तू वेगळ्या दिसतात त्या एकतर रंगामुळे, नाहीतर उजळपणातल्या फरकामुळे. पाहताना ही दोन्ही कारणं आपल्या डोळ्यात एकजीव झालेली असतात. रंग वजा केला की बाकी किती उरते, ते कळतं.

मंडईतलं उदाहरण घेऊ. पिकलेल्या टोमॅटोंचा ढीग आणि त्याला खेटून ढोबळी मिरची. डिजिटल फोटोत टोमॅटोच्या एका ठिपक्याची नोंद समजा लाल 200, हिरवा 50, निळा 40 अशी आहे, आणि मिरचीची 60, 115, 50. रंगाचा करडा करण्याचं एक रूढ सूत्र लालला 0.299, हिरव्याला 0.587 आणि निळ्याला 0.114 इतकं वजन देतं. हिरव्याचा वाटा मोठा, कारण आपल्या डोळ्याला तोच सर्वांत उजळ वाटतो. गुणाकार-बेरीज केली की टोमॅटो येतो 94 आणि मिरची 91. काळा 0 आणि पांढरा 255 धरला तर तीन अंकांचा फरक कोणाला दिसणार? दोन ढिगांचा एकच ढीग होतो. आता दारावरचं तोरण पाहा. झेंडू 240, 150, 20 आणि आंब्याचं पान 40, 90, 40 धरलं, तर करड्यात ते 162 आणि 69 होतात. रंग गेला तरी तोरण शाबूत राहतं.

मांडणीचा प्रश्न इथेच सुरू होतो. नजर चौकटीत शिरते ती बहुतेक वेळा जिथे गडद आणि उजळ एकमेकांना भिडतात तिथून. नवशिक्याला लाल लुगडं दिसतं, तो बटण दाबतो, आणि लाल रंगाने डोळा खेचला म्हणून मांडणी जमली असं समजतो. कृष्णधवल पडद्यावर तेच लुगडं मागच्या विटांच्या भिंतीत बुडून जातं. चुन्याच्या भिंतीपुढे उन्हात बसलेल्या पांढऱ्या टोपीवाल्या आजोबांचंही तेच होतं. टोपी भिंतीत विरते आणि डोकं कपाळापाशी कापल्यासारखं दिसतं. त्यावरचा इलाज कॅमेऱ्यात शोधू नये, तो पायांत आहे. दोन पावलं डावीकडे सरकलं की टोपीमागे दाराचा काळोख येतो आणि तिची कड लख्ख उठते. ही दोन पावलं टाकायची सवय लागणं हाच या सरावाचा मुख्य लाभ, असं माझं मत आहे.

छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आंद्रे लोत या चित्रकाराकडे धडे घेतले होते. पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे त्यांनी 1932 साली टिपलेला, पाण्यावरून उडी घेणारा माणूस या दृष्टीने पाहावा. उडी आपल्यापर्यंत पोचते, कारण गडद आकृतीच्या खाली उजळ पाणी आहे आणि टाच अजून त्याला टेकलेली नाही. मागच्या भित्तिपत्रकावरची नर्तिकाही तशीच झेपावते आहे. आकाराला आकाराने दिलेली ही साद रंगांच्या गर्दीत इतकी ऐकू आली असती का, याची मला शंका आहे.

तरीही करडी छटा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स 10 एप्रिल 1927 रोजी योसेमिटीत हाफ डोमच्या कड्यासमोर उभे होते. आधी त्यांनी पिवळा फिल्टर लावला, मग गडद लाल फिल्टर लावून तोच कडा शिल्लक राहिलेल्या काचेच्या निगेटिव्हवर टिपला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, म्हणून आकाश जवळजवळ काळं आलं आणि कडा त्यातून पुढे सरसावला. जागा एकच, मांडणी दुसरी. आपल्या मंडईतही हे चालतं. नुसती लाल नोंद घेतली तर टोमॅटो 200 आणि मिरची 60, म्हणजे एक झालेले ढीग पुन्हा वेगळे. कोणता रंग किती उजळ दाखवायचा हा निर्णय फोटो काढणाऱ्याचाच असतो.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. रंगाला रंग कसा तोलतो, हे ती अजिबात शिकवत नाही. गुलाबी फेट्याशेजारचा केशरी फेटा हा वेगळाच अभ्यास आहे. रघुबीर सिंह यांची रंगीत छायाचित्रं त्यासाठी समोर ठेवावीत. दुसरा धोका मोठा आहे. फसलेला रंगीत फोटो घरी येऊन कृष्णधवल करायचा आणि कॉन्ट्रास्ट ताणून त्याला भारदस्तपणा आणायचा, याला सराव म्हणत नाहीत, ही रंगसफेदी झाली. शिकायचं ते बटण दाबण्याच्या आधी.

म्हणून कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवा आणि फाइल रॉ स्वरूपात घ्या. पडद्यावर करडं दिसेल आणि मूळ रंग फाइलमध्ये सुरक्षित राहतील. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर असेल तर डोळा लावल्यावरही करडंच दिसतं. आरशाच्या कॅमेऱ्यात मात्र मागच्या पडद्यावर पाहावं लागतं. पडदा पाहण्याआधी डोळे किलकिले करा आणि टोपी भिंतीहून उजळ येणार की गडद, हे स्वतःशी ठरवा. मग ताडून पाहा. दहातले आठ अंदाज बरोबर यायला लागले की कॅमेरा पुन्हा रंगीतवर टाका.