पाहुणी की कामकरी? ओ-पेअरच्या निवासपरवान्याचा इतिहास

१/ परक्या देशातील कुटुंबात राहायचे, त्यांची मुले सांभाळायची, घरकामाला हातभार लावायचा. मोबदल्यात निवारा, जेवण, थोडा हातखर्च आणि तेथील भाषा शिकण्याची संधी. या व्यवस्थेला 'ओ-पेअर' म्हणतात. तिच्या परवान्याला एक प्रश्न सतत चिकटलेला आहे: ही तरुणी पाहुणी की कामकरी?

२/ फ्रेंचमध्ये 'ओ पेअर' म्हणजे 'बरोबरीच्या नात्याने'. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील सुखवस्तू घरांत इंग्रज तरुणी मुलांना इंग्रजी शिकवीत आणि स्वतः फ्रेंच शिकत. पगार नाही, म्हणून मालक-नोकर हे नातेही नाही, अशी त्यामागची कल्पना होती. मोलकरीण स्वयंपाकघरात जेवे. ओ-पेअर कुटुंबाच्या पंगतीला बसे.

३/ पहिल्या महायुद्धापूर्वी पश्चिम युरोपात बहुतेक प्रवासाला पासपोर्टही लागत नसे. युद्धानंतर सीमांवर कागद आले. ब्रिटनच्या १९२० च्या आदेशानुसार नोकरीसाठी येणाऱ्या परकीयाला कामगार मंत्रालयाचा परवाना आवश्यक झाला. आता 'कशासाठी आलात?' या प्रश्नाच्या उत्तरावर प्रवेश ठरू लागला.

४/ या उत्तराचे मोल १९३८ मध्ये जीवनमरणाइतके झाले. मार्चमध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि व्हिएन्नाचे ज्यू देश सोडण्यासाठी धडपडू लागले. बेकारीने ग्रासलेल्या ब्रिटनने बहुतेक व्यवसायांची दारे बंद ठेवली होती. एक दार मात्र उघडे होते, कारण तेथे घरकामाला माणसे मिळत नव्हती.

५/ घरकामाच्या परवान्यावर महायुद्धापूर्वी सुमारे २०,००० निर्वासित ब्रिटनमध्ये पोहोचले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ज्यांच्या स्वतःच्या घरी मोलकरणी होत्या, अशा स्त्रिया इंग्रजी वृत्तपत्रांत 'स्वयंपाक येतो, शिवण येते' अशा जाहिराती देऊ लागल्या.

६/ पुढे लेखिका म्हणून नावाजलेल्या लोर सीगल यांना दहाव्या वर्षी, डिसेंबर १९३८ मध्ये, ज्यू मुलांच्या बचावमोहिमेतून इंग्लंडला धाडण्यात आले. त्यांचे वडील व्हिएन्नात बँकेचे हिशेबनीस होते. नंतर तेही पत्नीसह इंग्लंडला पोहोचले, ते घरगडी आणि स्वयंपाकीण म्हणून.

७/ या परवान्याने जीव वाचवला, पण माणसाला एकाच उंबरठ्याशी बांधलेही. परवानगीवाचून दुसरा व्यवसाय करता येत नसे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटताच अनेक घरमालकांनी या 'शत्रुदेशीय' स्त्रियांना कामावरून काढले. नोकरीबरोबर डोक्यावरचे छप्परही गेले, कारण दोन्ही एकाच घरात होती.

८/ युद्धानंतर घरगुती नोकरांचा वर्ग ओसरला आणि मध्यमवर्गीय घरांत ओ-पेअर येऊ लागल्या. त्या 'कामगार' नसल्याने त्यांना नोकरीच्या परवान्याची अट लागू होत नसे. पण याच शब्दामुळे किमान वेतन आणि कामाचे तास यांसंबंधीचे संरक्षणही त्यांच्या वाट्याला येत नसे. प्रवेश देणारा शब्दच हक्क हिरावून घेत होता.

९/ हा गुंता सोडविण्यासाठी युरोप परिषदेने २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्ग येथे करार मांडला. वय १७ ते ३०, मुक्काम अधिकाधिक दोन वर्षे, काम दिवसाला पाच तासांहून अधिक नाही, आठवड्यातून एक पूर्ण सुटी, भाषावर्गासाठी वेळ, लेखी करारपत्र, आणि ते मोडायचे तर दोन आठवड्यांची पूर्वसूचना.

१०/ मूळ प्रश्नाला मात्र करारानेही बगल दिली. ओ-पेअर ना विद्यार्थी, ना कामगार. दोहोंची लक्षणे असलेला तो एक विशेष वर्ग आहे, असे त्यात म्हटले. मोजक्याच देशांनी कराराचे अनुसमर्थन केले.

११/ युरोपीय संघाने २००४ च्या निर्देशात संघाबाहेरून येणारे विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांच्या निवासाचे नियम ठरविले. ओ-पेअर त्यात नव्हत्या. २०१६ च्या निर्देशात त्यांचे नाव आले: वय १८ ते ३०, आठवड्याला कमाल २५ तास काम. पण ही तरतूद स्वीकारायची की नाही, हे प्रत्येक देशावर सोडले.

१२/ दरम्यान येणाऱ्या मुलींचे देश बदलले होते. शोषणाच्या तक्रारींमुळे फिलिपिन्सने १९९८ मध्ये आपल्या तरुणींना ओ-पेअर म्हणून युरोपात जाण्यास बंदी केली. तरीही नॉर्वे आणि डेन्मार्क त्यांना परवाने देत राहिले. नॉर्वेत तर फिलिपिनो हाच सर्वांत मोठा गट ठरला. त्यांतील अनेकींच्या हातखर्चातून घरी पैसे जात. 'सांस्कृतिक देवाणघेवाण' हे नाव कागदावर उरले.

१३/ अमेरिकेत ही योजना १९८६ मध्ये सुरू झाली. तेथे आठवड्याला ४५ तासांपर्यंत काम चालते. काही ओ-पेअरनी २०१४ मध्ये कोलोरॅडोतील संघीय न्यायालयात मध्यस्थ संस्थांविरुद्ध दावा दाखल केला. संगनमताने वेतन दाबून ठेवल्याचा आरोप होता. २०१९ मध्ये ६ कोटी ५५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

१४/ ब्रिटनने २००८ मध्ये ओ-पेअरचा स्वतंत्र व्हिसावर्ग बंद केला. नॉर्वेने मार्च २०२४ पासून नवे परवाने देणे थांबविले. ही देवाणघेवाण नव्हे, स्वस्त घरकाम आहे, हा टीकाकारांचा आक्षेप अखेर मान्य झाला. यापुढे कामासाठी यायचे तर कामगाराच्या परवान्यावर आणि कामगाराच्या वेतनावर.

१५/ हा निर्णय न्याय्य ठरतो. पण त्याची किंमतही आहे. कामगाराचा परवाना सहजी मिळत नाही, आणि मनिलातील तरुणीला युरोपात नेणारे एक दार त्याने बंद झाले. १९३८ च्या व्हिएन्नातही दार अपमानास्पद होते, आणि तरीही हजारो जणी त्यातूनच वाचल्या. म्हणून या परवान्यांचा इतिहास वाचताना दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतात: दार कोणासाठी उघडले, आणि आत आल्यावर तिला काय म्हणून वागविले?