चिनी युद्धकलापटातील रहस्य आणि खानदेशातील प्रेक्षकाचा इतिहास

प्रस्तावना :
जळगाव जिल्ह्यातील धरणगाव हे बालकवींचे जन्मस्थान (१८९०) म्हणून वाङ्मयेतिहासात नोंदले गेले आहे. अशा गावात कोणी काय लिहिले हे सांगता येते; तेथील सामान्य माणसाने पडद्यावर काय पाहिले, हे सांगणे मात्र अवघड असते. चित्रपटाचा इतिहास बहुधा निर्मात्यांचा व नटांचा असतो, पाहणाऱ्यांचा क्वचितच. ही उणीव किती महत्त्वाची आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात एका अल्पपरिचित चिनी चित्रपटाच्या आधारे केला आहे.

चित्रपटाचे स्वरूप :
'क्लॅन्स ऑफ इंट्रिग' (१९७७) हा हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या संस्थेचा चित्रपट. दिग्दर्शक चू युआन, प्रमुख नट ती लुंग. कथा तैवानमधील लोकप्रिय कादंबरीकार कू लुंग (१९३८-१९८५) यांची. निरनिराळ्या पंथांच्या प्रमुखांचे खून होतात, एक दुर्मिळ विष चोरीस जाते आणि संशय चू लिऊशियांग या सुसंस्कृत चोरावर येतो. आपले निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी त्याला स्वतःच तपास करावा लागतो. अखेरीस गुन्हेगार ठरतो तो सर्वांच्या आदरास पात्र असलेला एक भिक्षू. तलवारबाजी येथे विपुल आहे. परंतु कथेचा कणा तपास हाच आहे.

मराठी वाचकाशी नाते :
ही रचना मराठी वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनी 'झुंजार' व 'काळापहाड' असे कायद्याच्या चौकटीबाहेर राहून न्याय करणारे नायक लोकप्रिय केले होते. चू लिऊशियांग हा त्यांचाच दूरचा भाऊबंद म्हणावा लागेल. असे असूनही चिनी युद्धकलापट म्हटला की ब्रूस ली आणि 'एंटर द ड्रॅगन' (१९७३) यांचेच स्मरण होते आणि संपूर्ण प्रकार 'मारामारीचा पिक्चर' या एका नावाखाली जमा होतो.

व्हिडिओगृहाचे माध्यम :
याची काही कारणमीमांसा खानदेशाच्या सीमेवरील, नाशिक जिल्ह्यातील मालेगावच्या उदाहरणावरून करता येते. यंत्रमागांच्या या शहरात व्हिडिओगृह चालविणारे नासिर शेख पुढे 'मालेगाव के शोले'चे दिग्दर्शक झाले. रीमा कागती यांच्या 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' (२०२४) या चित्रपटात ते विदेशी चित्रपटांतील विनोदाचे व मारामारीचे प्रसंग कापून, जोडून दाखवितात असे चित्रण आहे. अशा जोडकामात हाणामारी टिकते, कारण तिला भाषा लागत नाही. रहस्य मात्र संवादांवर, दुव्यांवर आणि प्रसंगांच्या क्रमावर उभे असते; एक दुवा गळाला तरी ते कोसळते. म्हणून रहस्यप्रधान युद्धकलापटाचे 'मारामारीच्या पिक्चर'मध्ये होणारे रूपांतर प्रेक्षकाच्या आकलनशक्तीच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही. ते माध्यमाच्या मर्यादेतून घडते.

साधनांचा प्रश्न :
शॉ ब्रदर्सचे जुने चित्रपट सेलेस्टियल पिक्चर्स या कंपनीने विकत घेऊन २००२ पासून दुरुस्त स्वरूपात पुन्हा उपलब्ध करून दिले. अर्थात चित्रपट वाचला. तो पाहण्याचा अनुभव वाचला असे म्हणता येत नाही. त्यासाठी वेगळी साधने हवीत. चित्रपट दाखविण्याचे परवाने १९५३ च्या अधिनियमान्वये दिले जात आणि करमणूक कर १९२३ च्या अधिनियमान्वये वसूल होई. त्या व्यवहारांचे कागद, भित्तिपत्रके, वृत्तपत्रांतील जाहिराती आणि वृद्ध प्रेक्षकांच्या मुलाखती ही साधने येथे उपयोगी पडतील. २०१७ मध्ये करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाल्याने जुन्या नोंदवह्यांचे दैनंदिन प्रयोजन संपले आहे. प्रयोजन संपलेले दप्तर नष्ट होण्यास वेळ लागत नाही.

निष्कर्ष :
सारांश, चित्रपटाची प्रत जपल्याने त्याचा निम्माच इतिहास जपला जातो. धरणगाव, अमळनेर, मालेगाव यांसारख्या गावांतील प्रेक्षकांनी काय पाहिले, काय समजून घेतले आणि काय त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही, याची नोंद साक्षीदार हयात असेपर्यंतच होऊ शकते. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम हाती घेणे अगत्याचे आहे.