भिंत तुमची, रंग त्यांचा

ऑगस्ट २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपी प्रोफेशनलसाठी एक अपडेट आणलं. संगणकावरची एक्सपी अस्सल नाही असं त्या अपडेटला वाटलं, की डेस्कटॉपवरचं चित्र जाऊन तिथे काळाकुट्ट रंग यायचा. तुम्ही पुन्हा गणपती लावा, भाचीचा फोटो लावा, साठ मिनिटांनी परत काळं. बाकी सगळं सुरळीत. टायपिंग चालू, हिशेब चालू, गाणी चालू. त्या ऑक्टोबरात हे चीनमध्ये पोचलं तेव्हा तिथे मोठा गदारोळ झाला.

आपल्याकडे तोंडाला काळं फासतात, इथे पडद्याला फासलं. शिक्षा म्हणून हा प्रकार गमतीदारच. चोरी पकडल्याचा दावा आहे, माल कुठे आहे तेही ठाऊक आहे, आणि करायचं काय, तर भिंत रंगवून जायचं! पण ही कुणाची लहर नव्हती. ऑपरेटिंग सिस्टीमचं रंगरूप आणि तिचं लायसन्स यांची गाठ कशी बसत गेली याचा एक चांगला दीड दशकांचा इतिहास या काळ्या रंगामागे आहे.

आधी लायसन्स म्हणजे काय ते पाहू. मुंबईकरांना पागडी समजावून सांगायला नको. एकरकमी पैसे मोजायचे, वर्षानुवर्षं राहायचं, मुलांची लग्नं तिथेच करायची, पण घर आपलं नव्हे. भिंत पाडायची तर मालकाला विचारा. सॉफ्टवेअरचं तेच. दुकानातून खोका आणला की आपल्याला वाटतं वस्तू विकत घेतली. खोक्यातला कागद म्हणतो, वापरायची परवानगी घेतली. अमेरिकेत १९९६ च्या 'प्रोसीडी विरुद्ध झायडनबर्ग' या खटल्यात खोक्यातल्या अशा अटी बंधनकारक ठरल्या, आणि २०१० मध्ये 'व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क' या निकालात वरच्या कोर्टाने सांगितलं की असा ग्राहक मालक नाही, परवानाधारक आहे. म्हणजे पागडीच.

सुरुवातीला मात्र हा घरमालक रंगाच्या बाबतीत दिलदार होता. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये प्रत्येक पट्टीचा, प्रत्येक कडेचा रंग बदलता यायचा. 'हॉट डॉग स्टँड' नावाची एक तयार रंगसंगती तर इतकी भडक लाल-पिवळी होती की ती कुणी शुद्धीवर असताना निवडली असेल असं वाटत नाही. पण निवडायला बंदी नव्हती. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आली आणि तिच्याबरोबर 'प्लस' नावाचा वेगळा खोका आला, वेगळ्या किमतीचा. त्यात डेस्कटॉपच्या थीम होत्या: चित्र, आयकॉन, माउसचे बाण, आवाज, सगळं जुळवून दिलेलं. नटणं-सजणं ही वेगळी विकायची वस्तू आहे हे तिथे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं. तरी कुलूप अजून नव्हतं. हौशी लोक आपापल्या थीम बनवत आणि वाटत.

कुलपाची खरी गोष्ट एका भलत्याच कोपऱ्यात घडत होती. १९९६ मध्ये विंडोज एनटी ४.० दोन रूपांत यायची होती: स्वस्त वर्कस्टेशन आणि महाग सर्व्हर. चाचणीच्या काळात वर्कस्टेशनमध्ये एक मर्यादा घातलेली आढळली. दहा मिनिटांत दहापेक्षा जास्त वेगवेगळे संगणक तिच्याशी जोडले जाऊ द्यायचे नाहीत. म्हणजे स्वस्तातली प्रत घेऊन वेबसाइट चालवायची सोय नाही. प्रकाशक टिम ओरायली यांनी जाहीर विरोध केला. मायक्रोसॉफ्टने ती मर्यादा प्रोग्रॅममधून काढली आणि लायसन्सच्या मजकुरात ठेवली. कुलूप काढून दारावर पाटी लावली म्हणा ना! पुढे अँड्र्यू शुलमन आणि मार्क रसिनोविच यांनी आत डोकावून दाखवलं की दोन्ही रूपांचा गाभा एकच आहे. मशीन सुरू होताना रजिस्ट्रीतल्या नोंदींवरून आपण कोण ते ठरवते आणि त्याप्रमाणे वागते. त्या नोंदींना कुणी हात लावत नाही ना हे बघायला आत पहारेकरीही बसवलेले होते. (हेच रसिनोविच २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्येच दाखल झाले. असो.)

इंजिनिअर म्हणून मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. लोखंडाच्या धंद्यात स्वस्त माल खरोखर स्वस्त बनवावा लागतो. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांना एकच माल द्यायचा आणि स्वस्तवाल्याच्या मालात एक नकार घालायचा. नकार घालायलाच उलट जास्त मेहनत लागते.

आता ऑक्टोबर २००१, विंडोज एक्सपी. निळी पट्टी, हिरवं स्टार्ट बटण, मागे कॅलिफोर्नियातली हिरवी टेकडी. हा फोटो चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ च्या सुमारास सोनोमा परगण्यात काढलेला. या सजावटीचं नाव 'लूना', आणि ती तीन रंगांत मिळे: निळा, ऑलिव्ह हिरवा, चंदेरी. चौथा नाही.

आता गंमत बघा. आतली यंत्रणा हवी ती सजावट रंगवायला पूर्ण समर्थ होती. थीमची फाइल म्हणजे काय, तर बटणांची आणि कडांची छोटी चित्रं आणि कुठलं चित्र कुठे ताणायचं याच्या सूचना, एवढंच. घरी बसून चित्रं बदलता येत होती. पण फाइलच्या शेवटी मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असे. थीम लावताना 'यूएक्सथीम' नावाची सिस्टीम फाइल ती सही तपासायची. सही नसेल तर थीम नाही. सही करण्याची गुप्त किल्ली फक्त मायक्रोसॉफ्टकडे. अख्ख्या एक्सपीच्या आयुष्यात त्यांनी सही करून दिलेल्या सजावटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या: लूना, २००५ च्या मीडिया सेंटर आवृत्तीबरोबरची 'रॉयाल', २००६ ची काळी-नारिंगी 'झून'.

मग हौशी मंडळी कामाला लागली. सही नकली करता येत नाही, गणितच आड येतं. पण सही तपासणारा रखवालदार तुमच्याच संगणकात राहतो. त्याच्या फाइलमधले मोजके बाइट बदलले की तो प्रत्येक थीमला "ठीक आहे, जा" म्हणू लागतो. पण विंडोजची दुसरी एक यंत्रणा महत्त्वाच्या फाइलींवर डोळा ठेवून असे. फाइल बदलली की ती लपवून ठेवलेल्या मूळ प्रतीतून लगेच जागेवर आणी. म्हणून आधी ती लपवलेली प्रत बदलायची, मग खरी, मग "विंडोजची सीडी घाला" या विनवणीला नकार द्यायचा, मग मशीन परत सुरू करायचं. सर्व्हिस पॅक आला की पुन्हा पहिल्यापासून. 'स्टाइल एक्सपी'सारख्या प्रोग्रॅमनी हे काम सोपं करून विकलं. स्टारडॉकच्या 'विंडोब्लाइंड्स'ने या रखवालदाराच्या वाटेलाच न जाता खिडक्या स्वतःच रंगवल्या. आणि २००० मध्ये सुरू झालेलं डेव्हियंटआर्ट अशा थीमांनी भरून गेलं. फक्त कुठल्याही अनोळखी जागेवरून बदललेली सिस्टीम फाइल उतरवून घेणं म्हणजे अनोळखी माणसाला कुलूप बदलायला बोलावणं होतं, हेही खरं.

थीमची ही सही पैशांसाठी होती असं मला वाटत नाही. ते चेहरा जपणं होतं. मायक्रोसॉफ्ट एकटी नव्हतीच. जानेवारी २००० मध्ये ॲपलने आपलं नवं 'ॲक्वा' रूप दाखवलं आणि लोकांनी त्याच्या नकला काढल्या, तेव्हा ॲपलच्या वकिलांची पत्रं गेली होती. याच ॲपलने १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर विंडोजच्या रंगरूपावरून दावा लावला होता आणि ती तो हरली. का? तर १९८५ मध्ये तिनेच मायक्रोसॉफ्टला दिलेलं लायसन्स आडवं आलं! वादातल्या १८९ घटकांपैकी १७९ त्या करारातच मोडतात असं कोर्टाने धरलं.

पण चेहऱ्यासाठी बांधलेलं कुलूप पुढे पैशांसाठीही उपयोगी पडलं, आणि इथे आपला देश गोष्टीत येतो. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गरीब बाजारपेठांसाठी 'एक्सपी स्टार्टर' जाहीर केली. आधी थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, मग भारतात हिंदीतून. एका वेळी तीनच प्रोग्रॅम, चौथा उघडायला गेलं की नकार. घरातले दोन संगणक एकमेकांना जोडायचे नाहीत. ज्या देशात लॅमिंग्टन रोडवर पूर्ण एक्सपी एका सीडीच्या भावात मिळत होती, तिथे हा चिमटा लावलेला माल कोण घेणार?

२००९ च्या विंडोज ७ स्टार्टरमध्येही तीन प्रोग्रॅमची अट ठेवायचा बेत होता. टीका झाली, त्या मे महिन्यात अट काढली. मग स्वस्त आवृत्ती स्वस्त वाटावी कशी? वॉलपेपर बदलायला बंदी! खिडक्यांचा रंग, आवाजांची रचना, तेही नाही. छोटासा नेटबुक घेतलेल्या कॉलेजच्या पोराला स्वतःचं चित्र लावता येत नव्हतं. १९९२ मध्ये जे फुकट होतं ते सतरा वर्षांनी वरच्या वर्गाच्या तिकिटात गेलं.

तिकीट आणि शिक्षा दोन्ही रंगावरच का आल्या, याचं उत्तर मला व्हिस्टाच्या कहाणीत दिसतं. जानेवारी २००७ मध्ये आलेली व्हिस्टा मुदतीत ॲक्टिव्हेट केली नाही तर खरोखर दार बंद करायची: फक्त ब्राउझर, तोही तासभर, मग बाहेर. त्याच वर्षी २४ ऑगस्टला मायक्रोसॉफ्टचे तपासणारे सर्व्हर बिघडले. जवळजवळ वीस तास हजारो प्रामाणिक ग्राहकांना संगणकाने 'तुमची प्रत नकली' म्हणून सांगितलं. सुदैवाने त्या दिवशी कुणाचं काम बंद पडलं नाही, व्हिस्टाच्या खिडक्यांची काचेसारखी झळाळी आणि आणखी काही सोयी तेवढ्या गेल्या. डिसेंबरमध्ये कंपनीने जाहीर केलं की पुढच्या सर्व्हिस पॅकपासून दार बंद होणार नाही. त्याऐवजी येणार काळा वॉलपेपर आणि ताशी सूचना. पुढच्या ऑगस्टमध्ये तोच काळा रंग एक्सपीवर आला.

हिशोब सरळ आहे. कुलूप कधीतरी चुकीच्या माणसावर पडणार हे ठरलेलं. ते दवाखान्यातल्या संगणकावर पडलं तर कोर्टात उत्तर द्यावं लागेल. वॉलपेपर काळा झाला म्हणून मात्र कोणी मरत नाही, पण तो दिवसभर डोळ्यांत खुपतो. विंडोज १० आणि ११ मध्ये हेच धोरण स्थिरावलं. ॲक्टिव्हेट केली नाही तरी सगळं चालतं, फक्त सेटिंग्जमधलं सजावटीचं पान बंद. आणि तिथेही भोक आहेच: चित्राच्या फाइलवर राइट क्लिक करून ते वॉलपेपर म्हणून लावता येतं.

यात भारतीय वाचकाला उपयोगी अशी एक गोष्ट. १९९९ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक तरतूद आली: स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रोग्रॅमची खाजगी, बिगर-व्यापारी वापरासाठी प्रत काढणं किंवा त्यात फेरफार करणं हा भंग नाही. २०१२ च्या कलम ६५अ मध्येही कुलूप तोडणं हा गुन्हा ठरतो तो हक्कभंगाच्या इराद्याने तोडलं तर. अस्सल एक्सपीला स्वतःपुरता जांभळा रंग देणाऱ्या पुण्यातल्या माणसाची बाजू त्यामुळे त्याच्या अमेरिकन भावापेक्षा बरीच भक्कम आहे, असं माझं वाचन. लायसन्सचा कागद अर्थातच दोघांनाही 'हात लावू नका' असंच सांगतो.

एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. तिचा कॉपीराइट अमेरिकेत २०९६ अखेरपर्यंत आहे. मालक दुरुस्तीला येणार नाही, पण कुलूप त्याचंच. इथे आमच्या प्रयोगशाळेत एक जुनं मोजमापयंत्र आजही एक्सपीवर चालतं, कारण ते चालवणारा प्रोग्रॅम पुढच्या कुठल्याच विंडोजवर चढत नाही. त्याला जुनं 'क्लासिक' रूप दिलंय. त्यात सही लागत नाही, हवा तो रंग भरता येतो. (विंडोज ८ पासून तेही काढून टाकलं.) सगळ्या पट्ट्या भडक लाल केल्यात, म्हणजे नव्या विद्यार्थ्याला लांबूनच कळावं की याला नेटवर्कची वायर लावायची नाही. शिवाय यंत्राचे बरेच भाग एकदम बदलले तर एक्सपी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागते. म्हणून त्याच जातीचे दोन जुने मदरबोर्ड आम्ही विकत घेऊन कपाटात ठेवलेत.