अंककोड्यांतून गणिताचा सराव

पाचवी ते आठवीच्या वर्गांत सराव म्हटला, की उदाहरणांनी भरलेले पान डोळ्यांसमोर येते. प्रत्येक उदाहरणाला एकच उत्तर आणि ते चुकले की लाल फुली. अनेक मुलांच्या मनात गणिताची धास्ती बसते ती येथेच. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नेही गणिताच्या या भीतीची दखल घेतली होती. सराव टाळता येत नाही. त्याचे रूप मात्र बदलता येते. मुक्त अंककोडी हा त्याचा एक मार्ग. यात नियम ठरलेले असतात. सुरुवात कोठून करायची आणि शोध कोठवर न्यायचा, हे मूल ठरवते.

यांतील सर्वांत प्रसिद्ध कोडे एका मराठी शिक्षकाचे आहे. डहाणू येथे १९०५ मध्ये जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ या काळात नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक होते. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ – २३४५ = ३०८७, मग ८७३० – ०३७८ = ८३५२ आणि शेवटी ८५३२ – २३५८ = ६१७४. पुढे ६१७४ च येत राहते. कोणत्याही संख्येपासून निघाले तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हाच मुक्काम येतो. यालाच 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. वजाबाकीत ९९९ आले तर ते ०९९९ असे चार अंकी धरावे, नाहीतर साखळी तुटते.

येथे चूक शोधण्याची सोयही आहे. प्रत्येक वजाबाकीच्या उत्तराला ९ ने पूर्ण भाग जातो. म्हणून उत्तरातील अंकांची बेरीज ९ च्या पटीत यायला हवी. ३ + ० + ८ + ७ = १८. तशी आली नाही, तर हातचा कोठेतरी चुकला हे मुलाला स्वतःच कळते. लाल फुलीची वाट पाहावी लागत नाही. उत्तरातील अंकांची अदलाबदल मात्र या कसोटीत सापडत नाही.

पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. तीन अंकी संख्यांचे काय होते? त्या ४९५ वर थांबतात. दोन अंकी संख्या मात्र थांबतच नाहीत. २७, ४५, ०९, ८१, ६३ आणि पुन्हा २७, असे चक्र फिरत राहते.

दुसरे कोडे १ ते ६ या अंकांचे. प्रत्येक अंक एकदाच वापरून तीन अंकी दोन संख्या तयार कराव्यात. बेरीज सर्वांत मोठी कशी येईल? ६४२ + ५३१ = ११७३; पण ६३१ + ५४२ चीही बेरीज तेवढीच. अशा चार जोड्या मिळतात, आणि त्या शोधताना स्थानिक किंमत पक्की होते. आता याच जोड्यांचा गुणाकार करावा. ६४२ × ५३१ = ३,४०,९०२, तर ६३१ × ५४२ = ३,४२,००२. बेरीज सारखी असताना ज्या दोन संख्या एकमेकींच्या अधिक जवळ, त्यांचा गुणाकार मोठा, हा नियम मुलाच्या हाती लागतो. सर्वांत लहान वजाबाकी कोणती, हा प्रश्न त्याहून कठीण; ४१२ – ३६५ = ४७ हे त्याचे उत्तर.

अशा सरावासाठी कागद, पेन्सिल किंवा अंक लिहिलेले सहा कागदी तुकडे पुरेत. पालकांनी वा शिक्षकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये. 'याहून मोठे येईल का?' आणि 'आणखी येणार नाही, हे कशावरून?' हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. पहिल्याने आकडेमोड वाढते, दुसऱ्याने तर्क.

कापरेकरांकडे गणिताची पदव्युत्तर पदवी नव्हती. त्यांच्या शोधांना जगभर प्रसिद्धी मिळाली ती १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर. ६१७४ पर्यंत त्यांना नेणारी वजाबाकी मात्र शाळेतल्या मुलाला येते तीच होती.