दोन ओळींची दुरुस्ती

संगणकांच्या जगांत गुप्तता राखणाऱ्या किल्ल्या लोखंडाच्या नसतात. त्या प्रचंड संख्या असतात, आणि ती संख्या कोणासहि अगोदर ताडतां येऊं नये, यांतच त्यांचें सारें बळ असतें. हे फांसे टाकण्याचें काम ओपनएसएसएल नांवाच्या प्रोग्राम-संग्रहाकडे होतें. यंत्राच्या कारभारांतून मिळणारी अनिश्चित माहिती तो एका सांठ्यांत घुसळी व त्यांतून संख्या काढी.

२००६ सालीं डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीच्या एका स्वयंसेवकापुढें एक तक्रार आली. स्मृतीच्या वापरांतील दोष हुडकणारें व्हॅलग्राइंड हें परीक्षण-साधन लावलें कीं, इशाऱ्यांचा पाऊस पडे : जेथें अद्याप कांहीं लिहिलेलें नाहीं अशी स्मृति वाचली जात आहे! इशारा खोटा नव्हता. कोऱ्या पाटीवर मागचें जें पुसट उरलें असेल तेंहि सांठ्यांत पडलें, तर त्यानें लाभ थोडा. पण हानि मुळींच नव्हती.

माग काढतां काढतां तो दोन ओळींशीं पोंचला. दोन्ही आज्ञा अक्षरशः सारख्या, जागा तेवढ्या निराळ्या. एक संख्या बाहेर देणाऱ्या भागांत होती. परीक्षण-साधन येथें कुरकुरतें, अशी टीपहि तिच्या शेजारीं होती. ती गेली असती तरी कांहीं बिघडतें ना. दुसरी सांठा भरणाऱ्या भागांतली. तिच्यांतून क्वचित् कोरी स्मृति जाई हें खरें. परंतु यंत्रानें जमविलेलें सारें अनिश्चित द्रव्यहि तिच्यांतूनच जाई. विहिरीचा झराच तो!

स्वयंसेवकानें मनमानी केली, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. मे २००६ मध्यें त्यानें दोन्ही ओळी ओपनएसएसएलच्या मंडळींपुढें ठेवून विचारलें. दोष शोधण्यास मदत होत असेल तर काढण्यास हरकत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर आलें. मेख आहे ती येथेंच. विचारणारा बोलत होता तो सर्वांच्या हातीं जाणाऱ्या प्रोग्रामाविषयीं. उत्तर देणारानें तें चांचणीपुरतेंच समजून घेतलें, असें दिसतें. तयार दुरुस्ती मूळ कर्त्यांकडे तपासणीसाठीं गेलीच नाहीं. दोन ओळींसाठीं एवढा खटाटोप कोण करतो?

ओळी निघाल्या, इशारे थांबले. किल्ल्याहि दिसावयास पूर्वीसारख्याच. एकेकटी पाहून कोणास शंका येती ना. पण सांठ्यांत आतां चालू प्रोग्रामाला यंत्र जो क्रमांक देतें त्याखेरीज कांहींच पडत नव्हतें, आणि तो क्रमांक सामान्यतः ३२,७६७ च्या वर जात नसे. कुलुपें असंख्य, आणि किल्ल्या एवढ्याच! एखाद्यानें त्या सर्व पाडून एकामागून एक लावून पाहाव्या, इतकें तें सोपें झालें.

सप्टेंबर २००६ पासून वीस महिने हें चाललें. डेबियनचे लुसियानो बेलो यांच्या तें ध्यानांत आलें व १३ मे २००८ रोजीं जाहीर सूचना निघाली. काढलेली ओळ परत घालणें सोपें होतें. घडून गेलेल्या किल्ल्या मात्र सुधारतां येत नव्हत्या. त्या टाकून नव्या कराव्या लागल्या, आणि जुन्या ओळखून नाकारण्यासाठीं त्यांच्या याद्या वांटाव्या लागल्या. जेथें डेबियन कधीं चाललेंच नव्हतें अशा यंत्रांवरहि त्या याद्या न्याव्या लागल्या. कारण तेथील दारें उघडण्याच्या किल्ल्या पुष्कळांनीं आपल्या डेबियनवर पाडून आणलेल्या होत्या.