‘शाक्य’ : कुलनामापासून आडनावापर्यंत

महाराष्ट्रात आडनाव ऐकले की गाव, वतन, व्यवसाय किंवा जात यांपैकी काही ना काही कळते, असा आपला अनुभव आहे. ‘कर’ हा प्रत्यय लागला की त्यामागे एखादे गाव असणार, हे लहान मुलालाही ठाऊक असते. काठमांडूच्या खोऱ्यात, विशेषतः ललितपूर म्हणजे पाटण या प्राचीन नगरात, मात्र एक आडनाव असे आहे की ते गाव सांगत नाही, व्यवसायही सांगत नाही. ते सांगते की या पुरुषाने बालपणी प्रव्रज्या घेतली होती आणि चार दिवसांनी चीवर उतरविले होते. ते आडनाव म्हणजे ‘शाक्य’. तथागतांच्या कुळाचे हे नाव आज आडनाव म्हणून कसे व कोणापाशी उरले, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

प्रथम शब्दाविषयी. पालि वाङ्मयात ‘सक्क’, ‘सक्य’ व ‘साकिय’ अशी त्याची रूपे आढळतात. दीघनिकायातील अम्बट्ठ सुत्तात त्याची उत्पत्ती दिली आहे. ओक्काक राजाने राज्याबाहेर घालविलेली मुले हिमालयाच्या पायथ्याशी शाकवृक्षांच्या वनात राहू लागली. ती समर्थ आहेत, ‘सक्य’ आहेत, असे उद्गार पित्याने कौतुकाने काढले आणि तेच कुळाचे नाव झाले. येथे वृक्षवाचक ‘शाक’ आणि सामर्थ्यवाचक ‘शक्’ धातू अशा दोन व्युत्पत्ती एकत्र गुंफल्या आहेत. आपला मराठी ‘साग’ हा शब्द याच ‘शाक’पासून आला आहे. परंतु तराईचा प्रदेश सागापेक्षा सालवनांचा असल्यामुळे येथे शाक म्हणजे साल असे काही अभ्यासक मानतात. कथेचा ऐतिहासिक आधार काहीही असो, नाव फार जुने आहे यात संशय नाही. 1896 साली उजेडात आलेल्या लुंबिनीच्या अशोकस्तंभावर ‘सक्यमुनि’ हा शब्द कोरलेला आहे. 1898 साली पिप्रहवा येथील स्तूपात सापडलेल्या अस्थिकलशावरही ‘सकियानं’ असे ब्राह्मी लिपीत लिहिलेले आहे. (तिबेटातील ‘साक्य’ पंथाचा मात्र या नावाशी काहीही संबंध नाही. 1073 साली स्थापन झालेल्या त्या विहाराचे नाव तेथील फिकट रंगाच्या मातीवरून पडले आहे. उच्चाराच्या सारखेपणावरून इतिहास रचू नये.)

हे कुळ गणराज्याचे होते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या 1957 साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा, शाक्यसंघातील मतदान आणि सिद्धार्थाने पत्करलेले निर्वासन यांतूनच गृहत्यागाचा उलगडा केला आहे, हे वाचकांस सांगावयास नको. परंतु शाक्यांची दुसरी बाजूही ग्रंथांनी लपविलेली नाही. हे कुळ अत्यंत कुलाभिमानी होते. कोसलनरेश प्रसेनजिताने त्यांच्याकडे कन्या मागितली तेव्हा त्यांनी महानाम शाक्याला दासीपासून झालेली वासभखत्तिया ही मुलगी राजकन्या म्हणून पाठविली. तिचा पुत्र विडूडभ आजोळी गेला असता तो बसलेले आसन दासीचा नातू बसला म्हणून दूध-पाण्याने धुऊन काढण्यात आले. ते विडूडभाच्या कानी गेले. पुढे त्याने शाक्यांचा जो संहार केला त्याचे मूळ अट्ठकथा याच प्रसंगात सांगतात. म्हणजे शाक्यांचा नाश झाला तो रक्तशुद्धीच्या अहंकारापायी, असे परंपरा म्हणते. ही कथा वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण तिचे प्रयोजन आम्हास पुढे पडणार आहे.

तथागतांनी हा अहंकार जाणला होता. विनयपिटकातील चुल्लवग्गात अनुरुद्ध, आनंद, भद्दिय आदी सहा जण प्रव्रज्येसाठी आल्याचे वर्णन आहे. त्यांच्यासोबत उपालि नावाचा न्हावी होता. आम्ही शाक्य मानी आहोत, म्हणून याला आमच्या आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हास त्याला वंदन करावे लागेल, अशी विनंती त्या कुमारांनीच केली. तसेच झाले. पुढे संघाबाहेरचे लोक भिक्खूंना ‘समणा सक्यपुत्तिया’, म्हणजे शाक्यपुत्राचे श्रमण, म्हणू लागले. यात ब्राह्मण आले, न्हावी आले, पुक्कुस आले. ज्या नावासाठी शाक्यांनी आसन धुतले, ते नाव आता जन्माशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांचे झाले. धम्माच्या इतिहासात नावाच्या बाबतीत घडलेली सर्वांत मोठी क्रांती हीच, असे आमचे मत आहे.

या क्रांतीचा पुढचा टप्पा भारताबाहेर, चीनमध्ये गाठला गेला. चौथ्या शतकापर्यंत चिनी भिक्षू आपल्या आचार्यांच्या देशाचे नाव आडनाव म्हणून लावीत. आचार्य भारतीय असेल तर ‘चू’, पार्थियाचा असेल तर ‘आन’, सोग्दियाचा असेल तर ‘कांग’. ताओ-आन (312 ते 385) या थोर भिक्षूने ही रीत बदलली. सर्वांचा मूळ आचार्य शाक्यमुनीच, तेव्हा सर्वांचे आडनावही एकच असावे, असे म्हणून त्याने शाक्य या शब्दाच्या चिनी रूपाचे पहिले अक्षर ‘शिह’ हे भिक्षूंचे आडनाव ठरविले. नंतर एकोत्तर आगमाचे चिनी भाषांतर हाती आले, तेव्हा त्यातही तेच आढळले. चार नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची नावे उरत नाहीत, चार वर्णांचे लोक श्रमण झाले की ते सर्व शाक्यच म्हणविले जातात. पालि परंपरेतील पहाराद सुत्तात हाच समुद्राचा दृष्टान्त आहे, आणि 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथील भाषणात बाबासाहेबांनी याच दृष्टान्ताचा आधार घेतला होता. व्हिएतनाममधील भिक्षू व भिक्षुणी नावापूर्वी ‘थिक’ लावतात, तेही याच अक्षराचे रूप होय. जपानमध्ये 1872 साली शासनाने भिक्षूंना आडनाव घेणे सक्तीचे केले, तेव्हा काहींनी ‘शाकु’ हेच नाव पत्करले. 1893 च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेस गेलेले शाकु सोयेन (1860 ते 1919) हे जन्माने इचिनोसे घराण्याचे होते. जन्माचे नाव मागे पडले आणि शाक्यमुनीचे राहिले.

भारतातही नावाचा हाच प्रवास सुरू होता. अजिंठ्याच्या लेण्यांतील पाचव्या शतकातील छोट्या दानलेखांत दात्यांची नावे ‘शाक्यभिक्षु’ या उपाधीसह येतात. ‘देयधर्मोऽयं शाक्यभिक्षोः’ हा त्यांचा ठरलेला आरंभ. ही उपाधी घेणारा कोणत्या घरचा होता ते लेख सांगत नाहीत, सांगण्याची गरजही त्यांना वाटलेली नाही. हीच उपाधी पुढे पूर्व भारतातील लेखांत व पोथ्यांच्या पुष्पिकांत, आणि नेपाळमध्ये सातत्याने, आढळते.

नेपाळमध्ये मात्र नदी उलटी वाहू लागली. काठमांडू खोऱ्यातील नेवार समाजात विवाहित भिक्षूंची प्रथा मध्ययुगात रूढ झाली. राजा जयस्थिती मल्ल (राज्यकाल 1382 ते 1395) याने भिक्षूंना बळजबरीने संसारी केले, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. परंतु विवाहित भिक्षू त्याच्या पूर्वीही होते, त्यामुळे सगळा दोष एका राजाच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. मठ राहिले, त्यांची ‘बहा’ व ‘बही’ ही नावे राहिली, पण त्यांत राहणारे कुटुंबवत्सल झाले. भिक्षूचा पुत्र भिक्षू ठरू लागला. ‘शाक्यभिक्षु’ या उपाधीशेजारी सतराव्या शतकात ‘शाक्यवंश’ हा शब्द दिसू लागतो. भिक्षूच्या जागी वंश यावा, यातच सारे आले. विसाव्या शतकात दोन्हींचा संक्षेप होऊन ‘शाक्य’ एवढेच आडनाव स्थिरावले. विडूडभाच्या संहारातून वाचलेले शाक्य नेपाळात आले व आम्ही त्यांचे वंशज, अशी या समाजाची श्रद्धा आहे.

या आडनावाचा आधार असलेला संस्कार ‘बरे छुयेगु’ या नावाने ओळखला जातो. ‘बरे’ हा शब्द ‘वन्द्य’ या संस्कृत शब्दापासून आला. बालकाचे मुंडन होते, त्यास चीवर व भिक्षापात्र दिले जाते. चार दिवस तो भिक्षू म्हणून राहतो, भिक्षाटन करतो आणि नंतर आपल्याला हा मार्ग झेपत नाही असे निवेदन करून चीवर परत करतो. येथून पुढे तो गृहस्थ असतो, पण आपल्या बहाच्या संघाचा आजन्म सदस्यही असतो. शाक्यांचा सोबती वर्ग म्हणजे वज्राचार्य. त्यांना याखेरीज आचार्याभिषेक मिळतो, म्हणून पौरोहित्याचा अधिकार त्यांचा. शाक्यांना तो नाही. शाक्य परंपरेने सोनार, रुपेरी काम करणारे आणि मूर्तिकार आहेत. पाटणच्या शाक्य कारागिरांनी मेणाच्या साच्यावरून ओतलेल्या बुद्ध व तारा यांच्या मूर्ती तिबेटपासून युरोपपर्यंत गेल्या आहेत. काठमांडूची कुमारीही शाक्य कुटुंबातूनच निवडली जाते. बौद्ध घरातील बालिकेपुढे हिंदू राजे मस्तक नमवीत, हा विरोधाभास तेथे कोणास खटकत नसे.

आता मर्माचा प्रश्न. हा संस्कार कोणास मिळतो? पिता शाक्य किंवा वज्राचार्य असावा लागतो आणि माता त्याच दर्जाच्या कुळातील असावी लागते. शाक्य पुरुषाने खालच्या मानलेल्या जातीत विवाह केला तर त्याच्या पुत्रास पित्याच्या बहात प्रवेश नसतो. वासभखत्तियेच्या पुत्राला कपिलवस्तूत जे भोगावे लागले, त्याचीच ही सौम्य आवृत्ती आहे, असे आम्हास खेदाने म्हणावे लागते. समुद्रात नद्यांची नावे नाहीशी करणारा शब्द येथे नदीलाच समुद्राबाहेर ठेवण्यास वापरला गेला. तथापि या समाजाला केवळ दोष देऊन थांबणे अन्यायाचे होईल. भारतात नालंदा, विक्रमशिला उद्ध्वस्त झाल्यावर संस्कृत बौद्ध ग्रंथांच्या पोथ्या ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नकलून जपल्या, ते हेच शाक्य व वज्राचार्य होत. हिंदू राजसत्तेखाली धम्म टिकवावयाचा तर तो जातीच्या कवचात लपवावा लागला, असाही याचा अर्थ लावता येतो. कवचाने जीव वाचविला, पण अंग वाढू दिले नाही.

या आडनावाची संख्या शासकीय आकड्यांतून सरळ काढता येत नाही, कारण नेपाळची जनगणना नेवारांना एकच गट म्हणून मोजते. 2021 च्या जनगणनेत नेवार 13,41,363, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे 4.6 टक्के होते, आणि त्यांतील बहुसंख्य धर्माने हिंदू म्हणून नोंदले जातात. शाक्य म्हणजे या लहान गटातील एक लहान भाग. त्यांची दाट वस्ती पाटण येथे, हिरण्यवर्ण महाविहार (क्वा बहा) व अन्य बहांच्या भोवती आहे. काठमांडूत ते बरेच आहेत, तर व्यापार व धातुकामानिमित्त बाहेर पडलेली घराणी तानसेन, भोजपूर, चैनपूर या डोंगरी गावांत स्थायिक झाली.

कवचाला पहिला तडा गेला तो विसाव्या शतकात, थेरवादाच्या पुनरागमनामुळे. काठमांडूचे व्यापारी दशरत्न तुलाधर (1890 ते 1966) हे धम्मालोक या नावाने भिक्खू झाले. तुलाधर हे बहाच्या नियमाप्रमाणे ‘बरे’ होऊच शकत नव्हते. त्यांनी स्वयंभूजवळ 1943 साली आनंदकुटी विहार उभारला, आणि तेथे जन्माचे शाक्य जन्माच्या तुलाधरास वंदन करू लागले. उपालीची गोष्ट अडीच हजार वर्षांनी पुन्हा घडली. राणा शासनास हे रुचले नाही. 1944 साली आठ भिक्खूंना देशाबाहेर काढण्यात आले, त्यांत धम्मालोक होते. त्याच वर्षी सारनाथ येथे धर्मोदय सभा स्थापन झाली. राणांची सत्ता गेल्यानंतर, नोव्हेंबर 1956 मध्ये, याच काठमांडूत जागतिक बौद्ध परिषदेचे चौथे अधिवेशन भरले व 20 तारखेस बाबासाहेबांनी तेथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांवर भाषण केले. नागपूरला लाखोंना जन्माची अट न घालता धम्मात घेऊन आलेला हा पुरुष, जन्माच्या अटीवर बहाचे दार उघडणाऱ्या नगरीत उभा होता!

भारतात ‘शाक्य’ आडनाव प्रामुख्याने उत्तर प्रदेशात, एटा, मैनपुरी, इटावा, फर्रुखाबाद या भागांत आढळते. त्याची वाट निराळी आहे. येथे शेती व बागाईत करणाऱ्या काछी समाजातील लोकांनी ते धारण केले असून राज्याच्या मागासवर्गीय सूचीत ‘काछी, काछी-कुशवाहा, शाक्य’ अशी एकत्र नोंद आहे. एकाच समाजातील काहींनी रामपुत्र कुशाकडे मूळ नेले, काहींनी बुद्धाकडे. संकिसा परिसरातील अनेक शाक्यांनी केवळ नाव घेऊन न थांबता धम्मही स्वीकारला, आणि तेथील स्तूपासंबंधीच्या वादात ते हिरिरीने उभे राहिले आहेत.

आपल्याकडे 1956 नंतर काही कुटुंबांनी जुनी आडनावे टाकून ‘गौतम’, ‘बौद्ध’, ‘शाक्य’ अशी नावे घेतली. त्यांनी ते घेतले ते चिनी भिक्षूंच्या अर्थाने, म्हणजे मागील नाव पुसण्यासाठी. परंतु हाच ‘शाक्य’ नागपूरहून कानपूरला गेला तर तेथे त्याची गणना एका विशिष्ट जातीत होईल, आणि पाटणला गेला तर त्याला विचारले जाईल की तू कोणत्या बहाचा.